बेटावर लग्न करताय? आधी भरतीचा तक्ता मागवा

पुण्यात लग्नाचं कार्यालय ठरवायचं तर घरातली चार माणसं जातीने बघून येतात. वधूपक्षाच्या खोलीतला पंखा फिरतो का, जिना किती पायऱ्यांचा, पार्किंगमध्ये गाड्या किती मावतात, केटरर त्यांचाच घ्यावा लागतो का. एखादी आत्या तर तिथे चाललेल्या दुसऱ्याच कुणाच्या लग्नात डोकावून मसालेभाताचा वास घेऊन येते. तीच माणसं अंदमानातलं नाही तर बालीतलं रिसॉर्ट मोबाइलवरचे आठ फोटो बघून पक्कं करतात. निळं पाणी, पांढरी वाळू, वाऱ्यावर झुलणारा पडदा. फोटो किती वाजता काढलाय, हे कुणी विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतणीचं लग्न आम्ही अंदमानातल्या हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला लावलं. त्याच्या आदल्या वर्षी एका मित्राच्या मुलीचं बालीत होतं, तिथे मी ‘हिशोब बघणारे काका’ होतो. दोन्हीकडे मिळून जे शहाणपण आलं ते इथे क्रमाने लिहितोय. सजावट, मेंदी, संगीत यांबद्दल यात काही नाही, ते सांगणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्ष विधीचा जो दीड-दोन तासांचा वेळ असतो, तो आधी पक्का धरायचा आणि तिथून मागे मोजत मोजत रिसॉर्टपर्यंत यायचं, एवढंच माझं सांगणं आहे. आपण सगळे उलटं करतो. रिसॉर्ट आवडतं, आगाऊ रक्कम भरतो आणि मग गुरुजींना फोन लावतो.

पहिलं काम: मुहूर्ताचा महिना आणि त्या बेटाचा पाऊस

तुळशीची लग्नं लागली की आपल्याकडे मुहूर्त सुरू होतात, आणि पुण्यात तेव्हा छान गुलाबी थंडी असते. म्हणून नोव्हेंबरअखेरची तारीख बेटासाठीही चांगली, असं वाटतं. अंदमानात ती चांगली नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ, आणि परतीचा पाऊस तिथे डिसेंबरपर्यंतही रेंगाळतो. समुद्र खवळला की बेटांमधल्या फेरीबोटी बंद होतात. अर्धं वऱ्हाड पोर्ट ब्लेअरला (त्याचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम) आणि अर्धं हॅवलॉकला, असं व्हायला नको असेल तर जानेवारी ते एप्रिल बघा. माघ-फाल्गुनातले मुहूर्त त्यात बरोबर बसतात. मे महिना उजाडला की सावध व्हा, कारण नैऋत्य मोसमी पाऊस आपल्याकडे यायच्या पंधरा-वीस दिवस आधीच अंदमानात पोचलेला असतो.

वैशाख-ज्येष्ठातलाच मुहूर्त निघाला तर बाली बघा. तिथे एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम असतो. नोव्हेंबर ते मार्चमध्ये पाऊस तर पडतोच, शिवाय बालीच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्र प्लास्टिकचा कचरा आणून टाकतो. फोटोत तो अर्थातच नसतो. मॉरिशस दक्षिण गोलार्धात, तिथे जानेवारी ते मार्च ऐन उन्हाळा आणि वादळांचे दिवस, मे पासून हवा सुखाची. मालदीवमध्ये साधारण जानेवारी ते एप्रिल कोरडं.

श्रीलंका आणि थायलंडची गंमत अशी की देश एकच पण दोन किनाऱ्यांचे पाऊस वेगळे. मे ते सप्टेंबरमध्ये श्रीलंकेचा बेंटोटा-गॉलकडचा नैऋत्य किनारा भिजत असतो तेव्हा त्रिंकोमालीची पूर्व बाजू कोरडी असते. फुकेतला आपल्यासारखा मे ते ऑक्टोबर पाऊस, तर पलीकडच्या आखातातल्या कोह सामुईला ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘थायलंडला डिसेंबरमध्ये हवा मस्त’ हे वाक्य अर्धंच खरं आहे, हे एजंटला सांगावं लागतं.

बालीबद्दल आणखी एक. गुढीपाडवा साडेतीन मुहूर्तांतला, त्यामुळे ‘पाडव्यालाच लावू’ म्हणणारे खूप. पण बालीतही शक संवत्सरच चालतं आणि त्याच सुमाराला त्यांचं नवं वर्ष सुरू होतं. त्या दिवसाला ते न्येपी म्हणतात. त्या चोवीस तासांत रस्त्यावर कुणी यायचं नाही, दिवे बाहेर दिसू द्यायचे नाहीत, विमानतळसुद्धा बंद. २०२६ मध्ये पाडवा आणि न्येपी दोन्ही १९ मार्चलाच. आपल्याकडे गुढ्या-तोरणं, तिथे कडकडीत मौन. दोघांचा शक मात्र एकच, १९४८! गंमत म्हणून बघायला उत्तम दिवस, लग्नाला अजिबात नाही.

दुसरं: मुहूर्ताची वेळ पुण्याच्या पंचांगातून उचलू नका

इथे आम्ही स्वतः गोत्यात येणार होतो. पुतणीचा गोरज मुहूर्त होता, फेब्रुवारीतला. पुण्याच्या हिशोबाने वेळ निघाली संध्याकाळी सव्वासहाच्या आसपास. पत्रिकेचा मजकूरही तयार झाला. मग कुणाला तरी सुचलं की अंदमानात अंधार लवकर पडतो. लवकर म्हणजे किती? फेब्रुवारीच्या मध्याला पुण्यात सूर्य साडेसहाच्या सुमाराला मावळतो, हॅवलॉकला साडेपाचच्या आतच. डिसेंबरमध्ये तर पाचलाच. घड्याळ दोन्हीकडे एकच, भारतीय प्रमाणवेळेचं, पण हॅवलॉक पुण्याच्या एकोणीस अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सव्वा तासाचा फरक. आमच्या ‘सूर्यास्ताच्या’ विधीला मिट्ट काळोख झाला असता.

गुरुजींना त्यामुळे आधी ठिकाण सांगा. तिथी आणि नक्षत्र संपायची वेळ भारतात सगळीकडे एकच राहते, पण लग्नराशी आणि सूर्योदय-सूर्यास्त स्थानानुसार बदलतात. आमच्या गुरुजींनी अक्षांश-रेखांश घालून वहीत पुन्हा मांडलं आणि पाच वाजून चार मिनिटं अशी वेळ दिली. परदेशात असेल तर घड्याळाचा फरकही धरायचा. बाली आपल्या अडीच तास पुढे, फुकेत दीड तास पुढे, मॉरिशस दीड तास मागे, मालदीव अर्धा तास मागे. श्रीलंकेचं घड्याळ आपलंच.

ही वेळ कागदावर आली की मगच रिसॉर्ट शोधायला बसा.

तिसरं: किनाऱ्याचं तोंड कुठे आणि वारा कुठून

नकाशा उघडून रिसॉर्टचा किनारा कोणत्या दिशेला आहे ते बघा. सूर्यास्त हवा तर पश्चिम. हॅवलॉकचा राधानगर किनारा पश्चिमेला आहे. २०२० मध्ये ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळालेल्या भारतातल्या पहिल्या किनाऱ्यांतला तो एक. मागे दाट जंगल आणि रिसॉर्टं मोजकी. बहुतेक रिसॉर्टं आहेत ती पूर्वेकडच्या गोविंदनगर, विजयनगर भागात. तिथे सूर्योदय सुंदर, पण संध्याकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे झाडांत जातो. सकाळचा मुहूर्त असेल तर पूर्व बाजू फार छान, आणि स्वस्तही पडते. बालीत सानूर आणि नुसा दुआ पूर्वेकडे, जिंबारान पश्चिमेला तोंड करून. सेमिन्याक-चांगूच्या बाजूला सूर्यास्त आहे पण लाटा जोरदार आणि ओढ वाईट, पोरंटोरं पाण्यात सोडता येत नाहीत.

वाऱ्याचा विचार तर कुणी करतच नाही. हिवाळ्यात अंदमानात वारा ईशान्येकडून येतो, म्हणून पूर्व किनारा खळबळलेला आणि राधानगरची बाजू आडोशाला. मॉरिशसमध्ये मे ते सप्टेंबर आग्नेयेचे व्यापारी वारे वाहतात, तेव्हा पूर्व किनाऱ्यावर मांडव उभा करणं म्हणजे पतंग उडवणं. त्या दिवसांत पश्चिम किंवा उत्तर किनारा बघा. रिसॉर्टच्या माणसाला सरळ विचारायचं: आमच्या तारखेच्या दिवसांत संध्याकाळी वारा समोरून येतो, बाजूने की मागून? याचं उत्तर ज्याला झटकन देता येतं तो माणूस तिथे राहिलेला असतो. ‘डोंट वरी सर, ब्रीझ इज ब्युटिफुल’ म्हणाला तर तो विक्री विभागातला, आणि बहुधा गुरगावमध्ये बसलेला.

चौथं: भरती-ओहोटी

या एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तुम्हीही घालवा.

कोकणात आजोळ असलेल्यांना हे सांगावं लागत नाही. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. याचा अर्थ असा की या रविवारी संध्याकाळी पाचला पूर्ण भरती असेल, तर पुढच्या रविवारी पाचला जवळपास पूर्ण ओहोटी. त्याच किनाऱ्याची, त्याच वेळेची दोन वेगळी चित्रं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप वर येणार आणि खूप आत जाणार. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे फरक कमी. उथळ, खडकाळ किनारा असेल तर भांगाचे दिवस जास्त सोयीचे.

जंजिरा-पद्मदुर्गाला जाणारे लोक ‘तिथीची पाऊणपट’ असा ठोकताळा वापरतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाला भरती. हा हिशोब आपल्या कोकण किनाऱ्याचा. अंदमानात किंवा बालीत तो लावू नका, प्रत्येक बंदराचं गणित वेगळं. डेहराडूनचा भारतीय सर्वेक्षण विभाग (सर्व्हे ऑफ इंडिया) भारतीय बंदरांचे भरतीचे तक्ते आगाऊ छापतो, आणि आता मोबाइलवरही ते सहज सापडतात. तुमच्या तारखेचा, तुमच्या जागेचा तक्ता रिसॉर्टकडून मागवा. बहुतेकांच्या स्कूबावाल्याकडे तो भिंतीवर चिकटवलेला असतो.

आम्ही पाहणीला गेलो तेव्हाचं सांगतो. पूर्व बाजूचं एक रिसॉर्ट, नाव सांगत नाही. दुपारी साडेबाराला पोचलो तेव्हा पाणी लॉनच्या पायऱ्यांना लागलेलं, हिरवं-निळं, वाऱ्यावर माडांच्या झावळ्या. वहिनीने तिथल्या तिथे हात जोडले, “हेच.” मी म्हटलं पाच वाजेपर्यंत थांबू. चहा झाला, भजी झाली. पाचला समोर पाणी नव्हतंच. शंभर-दीडशे पावलं नुसता काळा-तपकिरी खडक, मेलेलं पोवळं, डबक्यांतून पळणारे खेकडे, आणि शेवाळाचा तो ओला वास. सुंदर नव्हतं असं नाही, पण शालू नेसलेली नवरी त्या पार्श्वभूमीवर… पुतणीने एक फोटो काढला आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मग काय धरायचं? मुहूर्ताच्या तास-दीड तास आधी पूर्ण भरती होऊन गेलेली असावी. पाणी जवळ असतं, पण परत फिरलेलं असतं, आणि ओली वाळू घट्ट असल्यामुळे चालताना पाय रुतत नाहीत. उलट, मंगलाष्टकं चालू असताना पाणी वर चढत असेल तर पाहुण्यांचं निम्मं लक्ष स्वतःच्या चपलांकडे. किनाऱ्यावर काटक्या, शेवाळ, करवंट्यांची एक रेघ दिसते, ती शेवटच्या भरतीची खूण. मांडव त्या रेघेच्या बऱ्याच वर हवा, आणि तारीख उधाणाची असेल तर ती रेघ आणखी वर सरकणार हे धरून.

पाचवं: पाहणीला जा, आणि मुहूर्ताच्या वेळीच जा

दोन माणसांचा जाण्यायेण्याचा खर्च डोळ्यावर येतो. साठ माणसांच्या लग्नात तो काहीच नाही. एक माणूस हिशोबाचा पाठवा आणि एक गुडघ्याचा. आमच्याकडे दुसरी माझी आई होती, वय ७८. तिने जे पाहिलं ते आम्हा कुणालाच दिसलं नसतं. खोलीपासून जेवणघरापर्यंत तिने पावलं मोजली, तीनशे दहा. वाटेत ओंडक्यांचा छोटा पूल, कठडा नाही. न्हाणीघर उघड्या आभाळाखालचं, फार काव्यमय, पण जमीन गोट्यांची आणि धरायला काही नाही. तिने एका वाक्यात निकाल दिला, “हे तुमच्या हनिमूनला ठीक आहे.”

पाहणीत फोटो कमी काढा, वाळूवर चाला जास्त. खुर्ची मागवून वाळूत ठेवून स्वतः बसा. चार पायांची प्लॅस्टिकची खुर्ची मऊ वाळूत तिरकी होत जाते आणि भरदार माणूस हळूच मागे कलंडतो. आमच्या लग्नात नवऱ्या मुलाचे मामा असेच आडवे झाले, उठून हसले म्हणून निभावलं. खुर्च्यांखाली प्लायवूड टाकून द्या असं करारातच लिहून घ्या, किंवा बाकं मागा.

संध्याकाळी तासभर तिथे नुसतं बसा. अंदमानच्या काही किनाऱ्यांवर वाळूतल्या बारीक माश्या चावतात, दिसत नाहीत पण आठवडाभर खाजतं. त्या असतील तर पाचच्या सुमाराला कळतंच. मगरींपासून सावध करणाऱ्या पाट्याही बघून ठेवा. जिथे जाळी लावून पोहण्याची जागा राखलेली असेल, मुलांना तिथेच उतरवा.

जाणं शक्यच नसेल तर व्हिडिओ कॉल करा, पण मुहूर्ताच्याच वेळेला. फोन धरणाऱ्याला खोलीच्या दारातून मांडवाच्या जागेपर्यंत न थांबता चालायला सांगा.

सहावं: माणसं मोजा, खोल्या नंतर

यादी करताना वयाच्या पुढे गुडघा, साखर, हृदय, ‘बोट लागते’ असे शेरे लिहा. पुण्याहून अंदमानला जायचं म्हणजे चेन्नई, कोलकाता किंवा बंगळूर असं कुठेतरी विमान बदलणं, मग फेरीचे दीड ते अडीच तास, मग जेट्टीवरून गाडी. एकाच दिवसात हे सगळं रेटू नका. आम्ही एक मुक्काम पोर्ट ब्लेअरला ठेवला. त्यामुळे वेळेची उशी मिळाली, आणि सगळ्या ज्येष्ठांना सेल्युलर जेल बघता आलं. सावरकरांच्या कोठडीपुढे माझी आई बराच वेळ उभी होती. लग्नाइतकंच ती त्याबद्दल बोलते.

हॅवलॉकला सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरलाच. म्हणून औषधं दुप्पट घ्या, अर्धी हातातल्या बॅगेत. रिसॉर्टला विचारा: रात्री कुणाची तब्येत बिघडली तर बोट कोण, कशी मिळवून देतं? मालदीवमध्ये हा प्रश्न आणखी महत्त्वाचा, कारण रिसॉर्टांपर्यंत नेणारी सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमानं, फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमचं विमान मालेला संध्याकाळी उतरत असेल तर ती रात्र तिथेच काढावी लागते, आणि तो खर्च पॅकेजमध्ये बहुधा धरलेला नसतो.

परदेशी जायचं तर सगळ्यांचे पासपोर्ट आजच बाहेर काढा. सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. कुणाची तरी संपलेली निघतेच, आणि मग मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची तारीख मिळवण्यापासून सुरुवात. मॉरिशस-मालदीवला आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही, बालीला उतरल्यावर पाच लाख रुपिया भरून मिळतो. आकडा ऐकून आजोबा दचकतात, रुपयांत तो काही हजारांचाच असतो.

सातवं: कोटेशन वाचणं

तीन रिसॉर्टंची कोटेशनं आली की ती एकमेकांशी जुळतच नाहीत. एकात न्याहारी धरलेली, दुसऱ्यात फेरीची तिकिटं, तिसऱ्यात मांडव. सगळी एका एककात आणा: सर्व करांसह, माणशी, तीन रात्रींचे किती?

कर विसरू नका. आपल्याकडे खोलीचं भाडं रात्रीला ७,५०० रुपयांच्या वर गेलं की १८ टक्के जीएसटी. बारा हजारांची खोली १४,१६० ची होते. तीस खोल्या, तीन रात्री म्हटलं तर नुसता कर १,९४,४०० रुपये. एवढ्यात पुण्यात एक बऱ्यापैकी कार्यालय येतं, असं मी म्हणालो तेव्हा घरातल्यांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं. बालीत दराच्या पुढे दोन अधिक चिन्हं दिसतील, ‘प्लस प्लस’. म्हणजे सेवाशुल्क आणि कर वेगळे, मिळून साधारण २१ टक्के. मालदीवच्या रिसॉर्टांत यांशिवाय हरित कर आहे, माणशी रात्रीला १२ डॉलर.

मग छुपे आकडे. बाहेरचा मांडववाला, फोटोग्राफर, मेकअपवाली आणली तर रिसॉर्ट प्रत्येकी शुल्क लावतं का? संगीताला स्पीकर उघड्यावर किती वाजेपर्यंत? भारतात २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर नाही, त्यामुळे ‘आम्ही बघून घेऊ सर’ म्हणणाऱ्याकडून ते बघणं लेखी घ्या. जनरेटर मांडवापर्यंत पोचतो का, की फक्त खोल्यांना? आणि हळद! आमच्या हळदीनंतर रिसॉर्टने पिवळ्या झालेल्या प्रत्येक पांढऱ्या टॉवेलचे पैसे लावले, बावीस टॉवेल. वाद घालायला तोंडच नव्हतं, टॉवेल समोर ठेवलेले होते. तुळशीबागेतून जुनेरासारखे रंगीत पंचे घेऊन जा आणि हळदीच्या दिवशी खोल्यांतले पांढरे टॉवेल उचलून ठेवायला सांगा.

‘आमचा खासगी किनारा’ या शब्दांवर आपल्याकडे विश्वास ठेवू नका. रिसॉर्टची हद्द लॉनपर्यंत, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली वाळू सरकारची. तिथे मांडव घालायला परवानगी लागते आणि राधानगरसारख्या ठिकाणी ती सहजासहजी मिळत नाही. परवानगी कोण काढणार, कागद कधी हातात देणार, नाही मिळाली तर काय, हे आधी विचारा. आम्ही शेवटी वाळूचा नाद सोडला आणि किनाऱ्याला लागून असलेल्या रिसॉर्टच्या स्वतःच्या लॉनवर विधी केले. समुद्र वीस पावलांवर, खुर्च्या स्थिर, परवानगीची कटकट नाही. आधीच हे केलं असतं तर महिनाभराचे फोन वाचले असते. (मामा मात्र आदल्या दिवशीच्या संगीतात पडले, ते वाळूवर होतं.)

आठवं: स्वयंपाकघर आणि अग्नी

शाकाहारी जेवण सगळेच देतात. वेगळी भांडी, वेगळी कढई देता का, हा खरा प्रश्न. आचाऱ्याशी थेट बोला, व्यवस्थापकामार्फत नको. आमच्या आचाऱ्याला पनीर बटर मसाला डोळे मिटून येत होता, पण वरण म्हणजे दाल तडका नव्हे हे त्याला पटवायला तीन दिवस लागले. गोडा मसाला पुण्याहून नेला आणि आदल्या दिवशी वहिनी स्वतः स्वयंपाकघरात उभी राहिली. मसालेभात उत्तम झाला. जिलबीचा हट्ट सोडा, समुद्राच्या दमट हवेत ती तासाभरात मऊ पडते. श्रीखंड चाललं, मठ्ठा तर पाहुण्यांनी दोनदा मागितला.

होमाबद्दल आधीच स्पष्ट विचारा. गवताच्या छपराखाली उघडा अग्नी कुठलंही शहाणं रिसॉर्ट लावू देणार नाही, आणि बंद हॉलमध्ये धूर झाला की छतावरची फवारणी सुरू व्हायची भीती. लाजाहोमाला उघड्यावर, वाऱ्याच्या आडोशाची जागा लागते. तीन बाजूंनी पत्रा किंवा विटा, जवळ वाळूची बादली. सप्तपदीच्या तांदळाच्या राशी वाऱ्याने पसरतात, त्या केळीच्या पानावर न घालता उथळ वाट्यांत घाला. गुरुजी आधी नाही म्हणाले, वारा बघितल्यावर हो म्हणाले.

नववं: करारात काय असलंच पाहिजे

तोंडी ठरलेलं सगळं ई-मेलवर घ्या, आणि खालच्या गोष्टी करारात शब्दशः असू द्या:

– पाऊस आला तर विधी कोणत्या जागेत, तिचं नाव आणि किती माणसं मावतात. ‘पर्यायी व्यवस्था’ एवढंच लिहिलेलं चालणार नाही. जागा बदलण्याचा निर्णय सकाळी अकराला, तो यजमानांनी घ्यायचा.
– त्याच दिवशी दुसरं लग्न किंवा कार्यक्रम घेणार नाही.
– कोणत्या तारखेपर्यंत किती खोल्या दंडाशिवाय परत देता येतील.
– वादळामुळे फेरी किंवा विमान रद्द झालं तर पैसे परत की तारीख पुढे.
– आज बोलणारा समन्वयक त्या दिवशी नसेल तर त्याच्या जागी कोण.

शेवटचं कलम थट्टेचं वाटेल. बालीत आमच्याशी आठ महिने बोलणारी मुलगी लग्नाच्या पंधरा दिवस आधी नोकरी सोडून गेली होती, आणि नव्या माणसाला आमची ‘६० शाकाहारी’ ही ओळ सापडत नव्हती.

कायदेशीर नोंद

ती पुण्यातच उरका. विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, तिच्या तारखेपासून तीन महिन्यांत तीन साक्षीदारांसमोर नोंद होते. परदेशातल्या कागदपत्रांच्या भानगडीत पडण्यापेक्षा हे सोपं, बेटावर मग फक्त विधी आणि जेवण.

सामान

सुकं खोबरं, कापूर, काडेपेटी विमानात चालत नाही. सामान तपासताना बॅग उघडायला लावतात, आणि मग रुखवत सगळ्यांसमोर मांडलं जातं. परदेशी समिधा, गोवऱ्या, फुलं क्वारंटाइनवाले अडवू शकतात, ती तिथेच मिळवा. येताना अंदमानातून शिंपले, पोवळ्याचे तुकडे आणू नका, पोवळ्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांना थेट दाखवायचं असेल तर रिसॉर्टच्या नेटची चाचणी पाहणीतच घ्या. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून अंदमानात परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, पण मांडवाच्या जागेवर नेट पोचतं का हे वेगळं.

मुंडावळ्या दोन जोड्या घ्या, अक्षतांना जरा जास्त कुंकू-तेल लावा म्हणजे जड होतात, नाहीतर वाऱ्याने उलट टाकणाऱ्याच्याच डोळ्यात येतात. आणि अंतरपाट. आमचा मऊ रेशमी होता, दोघे भाऊ दोन टोकं धरून उभे, आणि ‘स्वस्ति श्रीगणनायकं’ म्हणताच तो असा फडफडला की नवरा-नवरीने एकमेकांना मुहूर्ताआधीच पाहून घेतलं. गुरुजी थांबले. वहिनीने पर्समधून पाच-पाच रुपयांची नाणी काढली, अंतरपाटाच्या खालच्या काठात गुंडाळून सेफ्टी पिना लावल्या, आणि मग दुसऱ्यांदा पहिल्यापासून सुरुवात झाली. तुम्ही घरूनच शिवून न्या, काठात दहा-बारा नाणी पुरतात.